बाब-अल-मंदेब: हक्काची वाट

येमेन आणि आफ्रिका यांच्यामधली बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम ३० किलोमीटर रुंद आहे, आणि सुएझ कालव्यातून होणारा आशिया-युरोप व्यापार याच चिंचोळ्या वाटेने जातो. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी, गाझातील युद्धात इस्रायलविरुद्ध पॅलेस्टिनींना पाठिंबा म्हणून, येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलेक्सी लीडर’ हे मालवाहू जहाज ताब्यात घेतले. जहाजावरच्या २५ खलाशांचा या युद्धाशी काहीही संबंध नव्हता. तरीही त्यांची सुटका व्हायला जानेवारी २०२५ उजाडला.

१९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानुसार अशा सामुद्रधुनीतून कोणत्याही देशाच्या जहाजाला विनाअडथळा जाण्याचा हक्क आहे. हा हक्क ध्वज पाहत नाही, हीच त्याची थोरवी. पण हल्ले वाढले तशी काही जहाजे, आपले स्थान कळवणाऱ्या यंत्रणेत गंतव्य बंदराचे नाव लिहायच्या रकान्यात, ‘इस्रायलशी संबंध नाही’, ‘सर्व खलाशी चिनी’ असे संदेश लिहू लागली. या साऱ्या प्रकरणात मनाला सर्वाधिक लागते ते हेच: जी वाट सर्वांच्या हक्काची होती, तिच्यावरून जाण्यासाठी आता आपण कोणाचे आणि कोणाचे नाही, हे आधी सांगावे लागत होते.

सुरक्षा परिषदेने १० जानेवारी २०२४ रोजी ठराव क्रमांक २७२२ संमत करून हल्ले थांबवण्याची मागणी केली. बाजूने ११ मते पडली, विरोधात एकही नाही. रशिया, चीन, अल्जीरिया आणि मोझांबिक तटस्थ राहिले. हल्ले थांबले नाहीत. अमेरिका आणि ब्रिटनने लगोलग येमेनवर बॉम्बहल्ले सुरू केले, युरोपीय संघाने फेब्रुवारीत आपली वेगळी नौदल मोहीम काढली. मार्चमध्ये ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावरील हल्ल्यात तीन खलाशी मृत्युमुखी पडले, तेव्हा २१ जणांना भारतीय नौदलाच्या आयएनएस कोलकाताने वाचवले.

दरम्यान, बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी केप ऑफ गुड होपचा वळसा पत्करला. त्यामुळे नाशिकची निर्यातक्षम द्राक्षे युरोपात पोहोचायला दहा-पंधरा दिवस जास्त लागू लागले आणि कंटेनरचे भाडे चढले, तेही ऐन हंगामात.

मे २०२५ मध्ये ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका आणि हुथी यांनी एकमेकांवर हल्ले न करण्याचे मान्य केले. इस्रायलविरुद्धच्या कारवाया यात येत नाहीत, असे हुथींनी स्पष्ट केले. जुलैमध्ये, लायबेरियाच्या ध्वजाखाली चालणारी ‘मॅजिक सीज’ आणि ‘इटर्निटी सी’ ही दोन ग्रीक मालवाहू जहाजे त्यांच्या हल्ल्यांत तांबड्या समुद्राच्या तळाशी गेली.