एक कचक, बदल्यात ह्यूबर्डो आणि बरंच काही

22 जुलै 2022. कॅनडातल्या कॅलगरी फ्लेम्स या आइस हॉकी संघानं आपला 24 वर्षांचा फॉरवर्ड, म्हणजे आघाडीचा खेळाडू, मॅथ्यू कचक अमेरिकेतल्या फ्लोरिडा पँथर्सला दिला. बदल्यात आले जोनाथन ह्यूबर्डो, बचावपटू मॅकेन्झी वीगर, कोल श्विंट नावाचा होतकरू पोरगा आणि ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपातली, पहिल्या फेरीची एक निवड.

बर्फावरच्या हॉकीत गोल केला तरी एक गुण, गोलसाठी पास दिला तरी एक. आधीच्या मोसमात कचकचे गुण 104, ह्यूबर्डोचे 115. त्यातले 85 नुसत्या पासचे. एनएचएल या अमेरिका-कॅनडातल्या लीगमध्ये एका मोसमात गोलचे एवढे पास कुठल्याच लेफ्ट विंगरनं, म्हणजे डाव्या बाजूच्या फॉरवर्डनं, दिले नव्हते. जास्त गुणांचा खेळाडू मिळतोय, वर पक्का बचावपटू, वर निवड. तेव्हा अनेकांनी कॅलगरीची पाठ थोपटली.

कॅलगरीचे हात बांधलेलेच होते म्हणा. जॉनी गॉड्रो, तोही 115 गुणांचा, करार संपताच कोलंबसच्या संघाकडे निघून गेला होता. कॅलगरीच्या पदरात शून्य. त्यात कचकनं कळवलं, लांबचा करार मी करणार नाही. म्हणजे वर्षभरानं तोही फुकटात जाणार. अडल्या हरीच्या मानानं सौदा बराच बरा होता.

पण ट्रेडच्या, म्हणजे अशा अदलाबदलीच्या, गप्पांत लोक गुण मोजतात आणि जन्मसाल विसरतात. ह्यूबर्डो 29 वर्षांचा होता. एनएचएलमध्ये प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा असते. त्या मोसमात ती 8 कोटी 25 लाख डॉलर होती. त्यामुळे खेळाडूची किंमत म्हणजे त्याचा खेळ, उरलेली उमेदीची वर्षं आणि तो पगाराची किती जागा अडवतो, हे सगळं मिळून. कचकचा आठ वर्षांचा करार झाला वर्षाला 95 लाखांचा. तो संपेल तेव्हा कचक 32 वर्षांचा असेल. ह्यूबर्डोशीही कॅलगरीनं आठ वर्षांचाच करार केला, वर्षाला 1 कोटी 5 लाखांचा. तो संपताना ह्यूबर्डो असेल 38 वर्षांचा.

पहिल्याच मोसमात ह्यूबर्डो 115 वरून 55 गुणांवर आला. कचकनं 109 केले.

मे 2023, कॅरोलायनाविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना. मध्यरात्र उलटून गेलेली. बरोबरी सुटेना म्हणून वीस-वीस मिनिटांचे जादा डाव चालूच, आणि चौथ्या डावाचे जेमतेम 13 सेकंद उरले असताना कचकनं गोल मारला. मारला आणि बर्फ सोडून थेट ड्रेसिंग रूमच्या वाटेला लागला! चौथ्या सामन्यातही पाच सेकंदांहून कमी वेळ उरलेला असताना त्यानंच गोल करून मालिका संपवली. त्या वर्षी फ्लोरिडा अंतिम फेरीत हरली; 2024 आणि 2025 मध्ये मात्र स्टॅन्ले चषक, म्हणजे लीगचं विजेतेपद, तिचाच.

आता सगळे म्हणतात, कॅलगरी फसली. आम्हाला तसं वाटत नाही. ट्रेड ठीक होता. घोडचूक झाली त्यानंतरच्या करारात. संघाकडून एकही सामना खेळण्याआधीच कॅलगरीनं ह्यूबर्डोला आठ वर्षं देऊन टाकली. एक मोसम थांबून बघता आलं असतं. आणि ज्याचं नाव या गप्पांत तोंडी लावण्यापुरतं येतं, त्या वीगरनं, बचावपटू असून, 2023-24 मध्ये 20 गोल केले. ह्यूबर्डोचे झाले 12.