गल्लीच्या कुत्र्याचा रकाना

(कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेजवळच्या मराठी मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आत्ता माझी ओळख 'प्राणिमित्र' अशी करून दिली. ती जरा दुरुस्त करते. मी शेल्टरमध्ये, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यात, टॉवेल धुते. अकरा वर्षं, दर शनिवारी. कुत्र्यांच्या खाली अंथरलेले, मांजरांनी घाण केलेले टॉवेल. ब्लीच, मशीन, ड्रायर, घड्या. शेल्टरमध्ये प्रेम करणारे पुष्कळ येतात, घड्या घालणारे कमी पडतात. तेव्हा आजचं बोलणं धोबीघाटावरून दिसलेलं आहे, असं धरून चाला.

विषय इथल्या प्राण्यांच्या कायद्याचा आहे, पण सुरुवात एका कुत्र्यापासून करते. सांगलीहून मुलाकडे आलेले एक काका. सकाळच्या फेरीत त्यांच्या मागे एक तपकिरी कुत्रा लागला. गळ्यात पट्टा नाही, पोट आत गेलेलं. काकांनी घरी आणला, काकूंनी दूध-पोळी कुस्करून दिली, संध्याकाळपर्यंत त्याचं नाव मोत्या झालं. मुलगा ऑफिसच्या गडबडीत. असे चार दिवस गेले. सांगलीत यात कुणाला काही वावगं वाटलं नसतं. गल्लीत कुत्रा आला, चार घरांनी खायला घातलं, तो गल्लीचा झाला. इथे मात्र काकांनी नकळत दुसऱ्याची वस्तू चार दिवस घरात ठेवली होती. 'वस्तू' हा शब्द माझा नाही. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेत स्पष्ट लिहिलं आहे की कुत्रा ही वैयक्तिक मालमत्ता आहे. रस्त्यात पाकीट सापडलं तर आपण चार दिवस खिशात ठेवत नाही, तसंच हे.

चौथ्या दिवशी मुलाने शेल्टरला फोन केला. आणि इथे आपल्या सांता क्लारा काउंटीची, म्हणजे आपल्या इथल्या जिल्ह्याची, खरी गंमत सुरू होते.

या काउंटीत पंधरा शहरं आहेत, आणि प्राण्यांच्या बाबतीत प्रत्येकाची चूल वेगळी. सॅन होजेचं स्वतःचं शेल्टर आहे, मॉन्टेरे रोडवर, 2004 पासून. मिल्पिटस, कुपर्टिनो, सॅराटोगा, लॉस गॅटोस यांनी बरीच वर्षं हे काम कंत्राटाने सॅन होजेकडेच सोपवलेलं. सांता क्लारा, माउंटन व्ह्यू, कॅम्पबेल आणि मॉन्टे सेरेनो या चौघांनी मिळून वेगळी संस्था काढली. सनीव्हेलमध्ये हे खातं पोलीस-अग्निशमन बघणाऱ्या एकाच विभागाच्या पोटात. आणि जी जमीन कुठल्याच शहराच्या हद्दीत नाही, ती काउंटीची. काउंटीचं शेल्टर दक्षिणेला सॅन मार्टिनला. 2021 मध्ये तिथे नवी, ऐसपैस इमारत झाली. तीही मॉन्टेरे रोडवरच, पण मधे पस्तीसेक किलोमीटर.

तुम्ही म्हणाल, हद्दीबाहेरची जमीन म्हणजे डोंगर आणि गुरांची कुरणं. तसं नाही. सॅन होजेच्या ऐन पोटात बर्बँक आहे, पूर्वेला अ‍ॅलम रॉक आहे; ही काउंटीची बेटं. पत्त्यात 'सॅन होजे' लिहितात, पत्र सॅन होजेच्या पोस्टातून येतं, पण घर सॅन होजे शहरात नाही. आपल्याकडे महापालिकेत नव्याने आलेल्या गावांत कचरा ग्रामपंचायतीने उचलायचा की पालिकेने, यावर जसं वर्षभर चालतं, तसं इथे कायमचं. काकांच्या मुलाचं घर अशाच एका बेटावर होतं. त्यामुळे मोत्या सॅन मार्टिनला गेला. त्याचा मालक रस्त्याच्या पलीकडे, आठ घरं सोडून राहत होता. पण रस्त्याची ती बाजू शहराची. तो बिचारा म्हातारा चार दिवस सॅन होजेच्या शेल्टरमध्ये खेटे घालत होता. कुणाचीच चूक नाही. मधे फक्त एक रेघ होती, आणि ती कुत्र्याला दिसत नाही.

मोत्याला तिथेच ठेवून जरा मागे जाऊ.

इंग्रजीत शेल्टरला जुनी माणसं अजून 'पाउंड' म्हणतात. आपल्याकडे त्याला अगदी नेमका शब्द आहे: कोंडवाडा. ज्यांचं बालपण गावात गेलं त्यांना तो आठवेल. गुरं कुणाच्या शेतात शिरली की त्यांची रवानगी कोंडवाड्यात, दंड आणि चाऱ्याचे पैसे भरा आणि सोडवून न्या. यासाठी इंग्रजांनी 1871 चा कायदा केला. सात दिवसांत मालक आला नाही तर पुढे नोटीस आणि लिलाव. अमेरिकेतले पाउंडही याच कल्पनेतून निघाले. भटक्या जनावरापासून माणसाचं आणि पिकाचं रक्षण करायचं. जनावराचं रक्षण हा हेतू त्यात नव्हताच.

दुसरा शब्द पांजरपोळ. त्यामागे मुंबईची एक गोष्ट आहे. 1832 च्या जूनमध्ये कंपनी सरकारच्या पोलिसांनी बेवारस कुत्री मारायची मोहीम काढली होती. कुत्र्यामागे बक्षीस असे, म्हणून लोकांच्या दारातली कुत्रीही उचलली जाऊ लागली. पारशी धर्मात कुत्र्याला मान. ते रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडला, दंगल झाली. दोन वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जिजीभाईंच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरपोळ उभी राहिली. कोंडवाडा सरकारचा, पांजरपोळ धर्मादायाची. एक दंड घेतो, दुसरी दान घेते. आपल्या डोक्यात ही दोन वेगळी घरं आहेत.

काउंटीच्या शेल्टरमध्ये मात्र दोन्ही एकाच छताखाली नांदतात, एकाच फोन नंबरवर. आपल्या लोकांचा गोंधळ इथेच होतो. तुम्ही पांजरपोळीला फोन केला असं समजून बोलता, पलीकडे कोंडवाड्याचा कारकून असतो. तो विचारतो: कुठे सापडला? क्रॉस स्ट्रीट, म्हणजे जवळचा आडवा रस्ता, कोणता? चावला का? तुम्हाला वाटतं, काय रुक्ष माणूस आहे. तो रुक्ष नाही, त्याच्यासमोर फॉर्म आहे. फॉर्ममध्ये कुत्र्यासाठी रकाने दोनच: मालकाने आणून दिलेला, किंवा भटका. गल्लीचा कुत्रा असा रकानाच नाही.

आणि भटका म्हटलं की घड्याळ सुरू होतं. पूर्वी कॅलिफोर्नियात हे घड्याळ बहात्तर तासांचं होतं. तीन दिवसांत मालक नाही आला तर शेल्टर काय वाटेल ते करू शकत असे, आणि 'काय वाटेल ते' म्हणजे बहुतेक वेळा मारण्याचं इंजेक्शन. 1998 मध्ये टॉम हेडन या राज्याच्या सिनेटरने कायदा आणला. व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या चळवळीत गाजलेला हाच तो हेडन. माणूस आयुष्यभर सरकारशी भांडला आणि शेवटी कुत्र्या-मांजरांसाठीही भांडला. त्याच्या कायद्याने मुदत सहा कामकाजाच्या दिवसांची झाली. शेल्टर संध्याकाळी उशिरापर्यंत किंवा शनिवार-रविवारी उघडं असेल तर चार दिवसांची. पहिले तीन दिवस फक्त मालकासाठी राखीव, त्यानंतर दत्तकही देता येतं. ज्याला चांगलं घर मिळू शकतं अशा प्राण्याला मारू नये, हे राज्याचं धोरण म्हणून लिहून ठेवलं गेलं. पुढे तिजोरीत खडखडाट झाला आणि 2009 पासून जादा दिवसांची सक्ती स्थगित झाली, कारण सक्ती केली तर खर्च राज्याने द्यायचा. बरीच शेल्टरं तरीही ती पाळतात. म्हणून पिंजऱ्यावरच्या कार्डावर मी आधी फोटो बघत नाही, तारीख बघते. टॉवेल ठेवायला गेले की डोळा आपोआप तिकडे जातो.

आता मांजरांकडे या, कारण इथे एक विलक्षण गोष्ट घडली, आणि ती आपल्याच गावात. 2009 मध्ये सॅन होजेच्या शेल्टरमध्ये येणाऱ्या मांजरांपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त मारली जात होती. माणसाळलेली नाहीत, दत्तक कोण घेणार? मार्च 2010 मध्ये त्यांनी ठरवलं की धडधाकट पण न माणसाळलेलं भटकं मांजर आलं तर त्याला खुराड्यात ठेवायचं नाही. शस्त्रक्रिया करायची, लस टोचायची, डाव्या कानाचं टोक सरळ कापायचं आणि जिथून आणलं तिथेच सोडायचं. चार वर्षांत 10,080 मांजरं अशी परत गेली. 2014 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला: शेल्टरमध्ये येणाऱ्या मांजरांची संख्या 29 टक्क्यांनी घटली आणि मारण्याचं प्रमाण 23 टक्क्यांवर आलं.

हे वाचलं तेव्हा मला हसू आलं. पकडा, ऑपरेशन करा, कानाला खूण करा, त्याच जागी सोडा: हा तर भारतातला 2001 चा कुत्र्यांच्या नसबंदीचा नियम! 2023 च्या नव्या नियमांत तर 'सामुदायिक प्राणी' असा शब्दच आहे. म्हणजे गल्लीच्या कुत्र्याला तिकडे कायद्याने रकाना दिला, आणि इकडे तो मिळाला मांजराला. तिकडचा रकाना सुखाचा आहे असं मी म्हणत नाही. रेबीजने आणि चाव्यांनी हैराण झालेल्या आईबापांचा राग खरा आहे. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली कुत्री शेल्टरमध्ये न्या म्हणून सांगितलं आणि अकरा दिवसांत तो आदेश बदलला, यावरून गुंता किती आहे ते कळतं. अमेरिकेत कुत्र्यांपासून कुत्र्यांना होणारा रेबीज संपल्याचं 2007 मध्ये जाहीर झालं. पाळीव कुत्र्यांना लस आणि भटक्यांवर नियंत्रण, यांमुळे हे शक्य झालं. आणि हे टिकवायचं म्हणून तर कायदा मालकाच्या मानगुटीवर बसतो.

तो किती बसतो, तेही भरभर सांगते. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, चार महिन्यांचं झालं की लायसन्स. सॅन होजेत मांजरालाही लायसन्स लागतं. नसबंदी केली असेल तर कुत्र्याचं लायसन्स निम्म्या पैशांत किंवा त्याहून स्वस्त. खुंटीला बांधून ठेवायचं तर चोवीस तासांत तीन तास, त्याहून जास्त नाही. उन्हात बंद गाडीत कुत्रा गुदमरतोय असं दिसलं तर 2017 पासून वाटसरूलाही काच फोडता येते. मात्र आधी 911 या आपत्कालीन नंबरला कळवायचं, दार उघडतंय का बघायचं आणि मदत येईपर्यंत तिथेच थांबायचं. दुकानात पिल्लू विकत मिळत नाही, 2021 पासून ते पूर्ण बंद.

चाव्याबद्दल मात्र थांबून सांगते, कारण दर दिवाळीत कुणाच्या तरी घरी हे होतं. पाहुण्यांनी घर भरलेलं, बाहेर फटाक्यांचा आवाज, कुत्रा घाबरलेला, आणि एखादं पोर त्याच्या ताटलीत हात घालतं. 'आमचा आजवर कुणाला चावला नाही हो' हे वाक्य इथे चालत नाही. काही राज्यांत पहिला चावा माफ असल्यासारखा आहे. कॅलिफोर्नियात तुमच्या घरी रीतसर आलेल्या पाहुण्याला कुत्रा चावला तर भरपाई तुम्ही द्यायची, कुत्रा आधी कितीही गरीब असो. आणि चावलेला कुत्रा दहा दिवस वेगळा ठेवायचा, लस दिलेली असली तरी. ही शिक्षा नाही, रेबीज नाही ना हे बघण्याची मुदत आहे. लोक चावा लपवतात, आणि मग प्रकरण चिघळतं.

पुण्याहून आपलं कुत्रं आणायचं म्हणणाऱ्यांनी मैत्रिणीच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका. ऑगस्ट 2024 मध्ये नियम बदलले. भारत रेबीजच्या जास्त धोक्याच्या देशांत धरला जातो. कुत्रं किमान सहा महिन्यांचं, चिप बसवलेली, आणि भारतात टोचलेली लस असेल तर ठरावीक विमानतळांवरच उतरवायचं. त्या यादीत लॉस एंजेलिस होतं, सॅन फ्रान्सिस्को नव्हतं.

चिप म्हटल्यावर मोत्याकडे परत जाऊ. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी, मानेखाली कातडीत. पुष्कळांना वाटतं त्यात जीपीएस असतं. काही नसतं हो, फक्त आकडे असतात, बहुधा पंधरा. स्कॅनर मानेवरून, खांद्यांवरून, फासळ्यांवरून सावकाश फिरवायचा, कारण ती चिप कातडीखाली सरकते. मोत्याच्या मानेशी काही लागलं नाही. डाव्या खांद्याच्या पार खाली, जवळजवळ कोपराशी, यंत्र वाजलं. आकडे आले, नोंद उघडली. मालकाचा नंबर बंद. दुसरा नंबर त्याच्या मुलीचा, सॅक्रामेंटोचा. तो लागला. म्हणून हात जोडून सांगते, आज घरी गेल्यावर चिपच्या नोंदीतला फोन नंबर तपासा. पुष्कळांचा तिथे जुना नंबर असतो.

म्हातारा दीड तासात आला. कुत्र्याचं खरं नाव वेगळंच निघालं. काकाही मुलाबरोबर आले होते, म्हणे निरोप घ्यायला. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला आणि काकांना विचारलं, तुमचं या कुत्र्याशी नातं काय? मालक की सापडलेला आणून देणारे? काका बराच वेळ त्या दोन चौकोनांकडे बघत राहिले. मग मुलाने दुसऱ्यावर खूण केली.

आठवड्याने त्या म्हाताऱ्याच्या मुलीचा फोन आला: कुत्रा डब्यातलं खाणं खात नाही, तुम्ही त्याला काय घालत होता? काकूंनी पोळीची कृती सांगितली, मुलाने इंग्रजी केलं. दूध किती घालायचं यावरून दोघांचं थोडं वाजलंसुद्धा.

प्रश्न असतील तर चहाच्या टेबलाशी या, मी तिथेच आहे. आणि घरात जुने टॉवेल असतील, तर मला हवेत.