जिन्याचं लेखाशीर्ष

(नागपुरातल्या एका वस्तीच्या समाजभवनात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आवाज थोडा कमी करा. मागच्या खोलीत पोरं अभ्यासाला बसली आहेत, समाजभवन त्यांचंही आहे.

मला विषय दिला होता ‘व्यसन आणि तरुणाई’. त्यावर मी पंचवीस वर्षं बोलतो आहे, आणि माझं ऐकून एकाही पोरानं पुडी फेकून दिलेली मी पाहिली नाही. म्हणून आज पैशाबद्दल बोलतो. सरकारी पैसा कुठून निघतो, आणि आपल्या गाळ्यांच्या जिन्यापर्यंत का पोचत नाही.

जिना का म्हणतो ते सांगतो. इमारत तुम्हाला माहीत आहे, नाव घेत नाही. चार मजले, मजल्यावर चार गाळे. सामायिक मीटरचं बिल थकलं, लाइन कापली गेली. सोळा घरांतली पाच-सहाच वर्गणी देतात. बाकीचे म्हणतात, लिफ्ट नाही, चौकीदार नाही, पैसे कशाचे? दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यामधल्या वळणावर संध्याकाळी सातनंतर पोट्टे बसतात. सकाळी तिथं नशेसाठी हुंगलेल्या पंक्चरच्या सोल्युशनच्या पिळून सपाट केलेल्या ट्यूबा सापडतात. कधी चिलमीची राख. अलीकडे एमडी, म्हणजे मेफेड्रोन आलंय, त्याची खूणही राहत नाही.

तिसऱ्या मजल्यावर एक मावशी राहतात. धुणीभांडी आटोपून रात्री नऊला परततात. त्यांनी स्वतःच्या मीटरवरून वायर ओढली, दारावरच्या झरोक्यातून बाहेर काढली आणि वळणावर नऊ वॅटचा बल्ब लावला. दोनदा चोरीला गेला. तिसऱ्यांदा त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडली, बल्ब त्याच्या आत बसवला आणि डबा तारेनं खिडकीच्या गजाला आवळला. आता भिंतभर उजेडाचे ठिपके पडतात. मी म्हटलं, मावशी, किती सुंदर दिसते! त्या म्हणाल्या, “सर, बिल भराल तं मंग समजंल किती सुंदर आहे तं.”

हा बल्ब कोणत्या खात्याचा? पंतप्रधान आवास योजनेत अशा इमारतीतल्या घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतो. चावी हातात पडली, फोटो निघाला की घर तुमचं. म्हाडाचा गाळा घ्या नाहीतर सुधार प्रन्यासचा, गोष्ट तीच. व्यसनमुक्तीचा पैसा सामाजिक न्याय खात्याचा. 2020 साली 15 ऑगस्टला नशामुक्त भारत अभियान 272 जिल्ह्यांत सुरू झालं. पोलिसांचा पैसा गृहखात्याचा, तो गाडीसोबत येतो आणि गाडीसोबत जातो. स्मार्ट सिटीच्या पैशातून कॅमेरे लागले ते चौकात. तिन्ही-चारी खात्यांचा पैसा वस्तीच्या तोंडापर्यंत येतो, पण पायरी चढत नाही.

आता एक परदेशातली गोष्ट. मला अमेरिकेचं कौतुक नाही, पण तिथं एकदा जिन्यासाठी वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पात स्वतंत्र खातं होतं. 1988 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात त्यांनी सार्वजनिक गृहसंकुलांसाठी खास अनुदान ठेवलं. क्रॅक कोकेननं शहरं पोखरली होती तो काळ. 1989 मध्ये सुरुवात झाली 82 लाख डॉलरपासून, आणि 2001 पर्यंत तरतूद वर्षाला सुमारे 31 कोटी डॉलरवर गेली. पैसा थेट संकुल चालवणाऱ्या संस्थेच्या हातात. त्यातून दिवे, कुलपं, कुंपण करता येई. रहिवाशांची गस्त, पोरांसाठी शाळेनंतरचे वर्ग, व्यसनावर उपचार, सगळं चाले. पोलिसांनाही पैसा देता येई, पण एका अटीवर: शहर आधीपासून जी गस्त देतंच आहे तिचे पैसे मिळणार नाहीत, वर काही जास्त दिलं तरच. ही अट मला फार आवडते. आपल्याकडे नेहमीचीच बीटची फेरी ‘विशेष मोहीम’ म्हणून कागदावर चढायला वेळ लागत नाही.

पण तिथंही मोठा वाटा पहारेकरी आणि पोलिसांकडेच गेला. का जाणार नाही? पहारेकऱ्याची पावती दाखवता येते. पोरगं वळणावर बसलंच नाही, याची पावती कोण देणार? मूल्यमापन कच्चं राहिलं. 2002 च्या अर्थसंकल्पात तिथल्या संसदेनं ते शीर्षच बंद केलं, काही रक्कम नेहमीच्या देखभालीत मिळवली. देखभालीत मिळवली म्हणजे छप्पर गळायला लागलं की दिव्याचा पैसा छपराला. आपल्याला हे कोणी शिकवायला नको.

दुसरी चूक याहून वाईट. ‘एकदा सापडला की बाहेर’ असं धोरण 1996 मध्ये आलं. घरातल्या कोणीही, अगदी पाहुण्यानंही, अंमली पदार्थाचा गुन्हा केला तर भाडेकरूला काढता येई. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या चार म्हाताऱ्या भाडेकरूंचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एकीची मुलगी घरापासून दूर रस्त्यावर कोकेनसह पकडली गेली होती. दोघींचे नातू इमारतीच्या पार्किंगमध्ये गांजा ओढताना सापडले. चौथा पंचाहत्तर वर्षांचा अपंग गृहस्थ, त्याची देखभाल करणारीकडे त्याच्या घरात कोकेन मिळालं. मार्च 2002 मध्ये न्यायालयानं एकमतानं ठरवलं की भाडेकरूला माहीत नसलं तरी काढता येतं. आजीला नातवाच्या खिशातलं माहीत असायला हवं! इथं बसलेल्या किती आज्यांना माहीत असतं?

आपला 1985 चा अंमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा याबाबतीत शहाणा आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडेही ‘गाळाच जप्त करा’ अशी हाक अधूनमधून येते. कलम 25 घर वापरू देणाऱ्याला शिक्षा करतं, पण त्यानं जाणूनबुजून वापरू दिलं असेल तर. आणि कलम 64 अ नुसार व्यसनी माणूस थोड्या प्रमाणातल्या गुन्ह्यात अडकला आणि स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. हे कलम इथल्या आयांना कोणी सांगितलंय? बहुतेकींना वाटतं, पोराचं नाव काढलं की त्याला आत टाकतील. म्हणून त्या गप्प राहतात, आणि पोट्टं वळणावर बसतं.

केंद्राच्या 2019 च्या व्यसनांवरच्या पाहणीतली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. हुंगायच्या नशेत मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत: 10 ते 17 वयाच्या मुलांत 1.17 टक्के, मोठ्यांत 0.58. असा प्रकार या एकाच नशेत. आणि सोल्युशन एनडीपीएसमध्ये बसतच नाही, सायकलच्या दुकानात मिळतं. कोणता छापा घालणार? तिथं दिवा लागतो, वळणावरून येणारंजाणारं कोणी लागतं, संध्याकाळी सात ते नऊ पोराला बोलावणारी एखादी खोली लागते.

म्हणून माझी मागणी छोटी आहे, मोठमोठ्या योजना मला झेपत नाहीत. प्रत्येक सरकारी वसाहतीत सामायिक मीटरचं बिल पहिली दहा वर्षं घर बांधणाऱ्या यंत्रणेनं भरावं. चार इमारतींमागे एक देखभाल करणारा माणूस असावा, तो वस्तीतलाच, पगारी. मानधन म्हणत नाही, पगार म्हणतो. आणि समाजभवनाची किल्ली संध्याकाळी नगरसेवकाच्या माणसाकडे नाही, बचत गटाकडे असावी. हसू नका, किल्लीचं भांडण मी दोन वर्षं केलंय.

मागच्या वर्षी दिव्यासाठी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. तीन आठवड्यांनी परत आला, वर शेरा: ‘सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही.’ कोणाशी संबंधित आहे ते लिहिलं नव्हतं. यावेळी एकाच अर्जाच्या चार प्रती केल्या आहेत, चार खात्यांना, आणि प्रत्येकीवर बाकीच्या तिघांची नावं घातली आहेत.

सह्या मागच्या टेबलावर घेतोय. पहिली मावशींची आहे. सामायिक बिलाची झेरॉक्स ज्यांच्याकडे असेल त्यांनी सोबत द्या. पेन सुतळीनं बांधलाय, ओढू नका.