उकळत्या झऱ्यातील जीव

नमस्कार, श्रोतेहो. दूध उकळून ठेवावे आणि लोणच्यात मीठ भरपूर घालावे, हे कोल्हापुरातील कोणत्याही घरात सांगावे लागत नाही. उष्णता आणि मीठ यांपुढे सूक्ष्मजीव सहसा टिकत नाहीत; आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे, ते मात्र नेमके तेथेच नांदतात.

अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात गरम पाण्याचे असंख्य झरे आहेत. त्यांतील ‘मशरूम स्प्रिंग’ या झऱ्यातून १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक या शास्त्रज्ञांनी नमुना घेतला आणि हडसन फ्रीझ या तरुण विद्यार्थ्याने त्यातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. सुमारे ७० अंश सेल्सिअसला जोमाने वाढणाऱ्या या जिवाणूला १९६९ मध्ये ‘थर्मस ॲक्वाटिकस’ हे नाव मिळाले. उपयोग काय, याचे उत्तर तेव्हा कोणापाशीच नव्हते. संशोधनाला पैसा देण्याआधी हाच प्रश्न विचारण्याची आपली सवय मला घातक वाटते. ब्रॉक यांनी तो जिवाणू सार्वजनिक संग्रहात ठेवला, म्हणून पुढच्यांना तो मिळाला.

पुढे १९८३ मध्ये कॅरी मुलिस यांना डीएनएच्या असंख्य प्रती काढण्याची युक्ती सुचली, तीच पीसीआर. तिच्यात डीएनएचे दोन धागे सुटे करण्यासाठी प्रत्येक फेरीत सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवावे लागते आणि त्या उष्णतेने प्रती काढणारे विकर, म्हणजे ही रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन, निकामी होत असल्याने ते दर फेरीला नव्याने घालावे लागे. झऱ्यातील जिवाणूचे विकर मात्र तापूनही शाबूत राहिले. पुन्हा सांगतो, तापूनही शाबूत राहिले. त्यामुळे ही पद्धत यंत्रावर आपोआप चालू लागली. मुलिस यांना १९९३ मध्ये नोबेल मिळाले. करोनाकाळात आपल्या घशातील स्रावाची जी चाचणी झाली, तिचा आधार अशीच उष्णतारोधक विकरे होती.

ही विकरे टिकतात, कारण त्यांतील प्रथिनांची घडी अधिक घट्ट असते आणि विरुद्ध विद्युतभारांचे बंध ती उलगडू देत नाहीत. मीठप्रिय जीवांपैकी कित्येक जण पेशीत पोटॅशियम साठवून बाहेरच्या क्षारतेचा तोल राखतात. लोणारचे सरोवर २०२० मध्ये गुलाबी झाले, ते अशाच जीवांच्या रंगद्रव्यामुळे.

अल्कधर्मी पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूंची प्रथिने तोडणारी विकरे आपल्या धुण्याच्या पावडरीत असतात आणि दुधाचे, रक्ताचे डाग तीच काढतात. अशी पावडर कोमट पाण्यात वापरावी आणि कपडे थोडा वेळ भिजू द्यावेत. रेशीम व लोकर हीही प्रथिनेच असल्यामुळे पैठणी मात्र त्या पाण्यात कधीही भिजवू नये.