गाडी मागे घेताना

पडद्यावरची ही मोटार अजून जागची हललेली नाही, कारण आत बसण्याआधी चालक तिच्याभोवती एक फेरी मारत आहे. मागच्या काचेच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचा पट्टा आसनावरून दिसत नाही. त्यात रांगणारे मूल सहज झाकले जाते आणि आरसे कितीही नीट लावले तरी तो पूर्ण उघडा पडत नाही. फेरी मारल्यावर मात्र लगेच निघावे. मध्येच फोनवर बोलत बसल्यास पुन्हा उतरून पाहणेच बरे.

आता रिव्हर्स गिअर पडला आहे. ताशी 5 किलोमीटर हा जेमतेम माणसाच्या चालीचा वेग. तरीही गाडी सेकंदाला सुमारे 1.4 मीटर सरकते, आणि धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात दोन मीटर अंतर कापून झालेले असते.

कॅमेरा उपयोगी आहे, पण त्याच्या रुंद कोनाच्या भिंगातून वस्तू असते त्याहून दूर भासते आणि भिंगावर चिखल उडाला की तेही संपते. सेन्सर ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजतो. बारीक खांब किंवा बंपरच्या पातळीखालचा दगड त्याच्या तावडीतून निसटू शकतो. त्यामुळे मान वळवून मागच्या काचेतून पाहण्याला पर्याय नाही, मान कितीही अवघडली तरी.

मागे पाहण्याच्या नादात पुढचे विसरले जाते. वळणारी चाके पुढे असल्यामुळे गाडीचे मागचे टोक डावीकडे वळू लागले की नाक उजवीकडे बाहेर जाते आणि शेजारच्या गाडीला घासते.

मालट्रकला मागची काच असून नसल्यासारखी. मागे घेताना वाजणारा ‘टीं-टीं’ भोंगा जपानमध्ये 1963 साली बाजारात आला. पण एकाच सुराचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कानाला चटकन उमगत नाही, म्हणून हल्ली काही वाहनांवर खरखरीत, अनेक सुरांचा भोंगा बसवतात. भोंगा इतरांना सावध करतो, चालकाला काही दाखवत नाही. ते काम मदतनिसाचे, आणि त्याने ट्रकच्या थेट मागे नव्हे, तर बाजूला, आरशात दिसेल असे उभे राहायचे असते. तो आरशातून दिसेनासा झाला, तर त्याचे ‘येऊ द्या, येऊ द्या’ ऐकू येत असले तरी ट्रक तिथेच थांबवायचा.