वर्गातला एक मोबाइल

श्रोतेहो, नमस्कार.

पहिलीत दाखल होणाऱ्या मुलाला आज मोबाइल कसा चालू करायचा, हे शिकवावं लागत नाही. गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत कुठल्याही गावात जा, मूल शाळेत येतं तेच पडद्यावरून बोट सरकवत. त्यामुळे प्राथमिक शिक्षक एकत्र जमले की विषय हमखास निघतो, की या साधनांचा उपयोग करून मुलांना अभ्यासात रमवायचं कसं? माझं मत मी सुरुवातीलाच सांगून टाकते. पडद्याकडे बघत बसलेलं मूल रमलेलं दिसतं, पण त्या वेळी ते शिकत असेलच याचा भरवसा नाही. त्याच साधनावर त्याला काहीतरी बोलायला, ऐकायला, मोजायला, गोळा करायला लावा, मग बघा. म्हणजे कुठलं ॲप चांगलं, याआधी मुलाला काम कोणतं द्यायचं, हे ठरवायला हवं.

कवितेचा व्हिडिओ लावला की वर्ग एकदम शांत होतो. आपल्यालाही बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी त्याच कवितेबद्दल दोन प्रश्न विचारले तर मुलांना त्यातलं अस्वल आठवतं, त्याची लाल टोपी आठवते, कवितेच्या ओळी मात्र आठवत नाहीत. यात मुलांचा काय दोष? आपण त्यांना बघायला सांगितलं, त्यांनी बघितलं.

आता मी ज्या साधनाबद्दल सांगणार आहे, त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही, नेट लागत नाही, रेंजही लागत नाही. ते म्हणजे मोबाइलमधलं आवाज मुद्रित करायचं बटण. सत्तरी, सांगे, धारबांदोडा या तालुक्यांतल्या वाड्यावाड्यांवरच्या आपल्या सरकारी शाळा आठवा. पट कमी, शिक्षक एक नाहीतर दोन, आणि पहिली ते चौथीची मुलं एकाच खोलीत. बाई पहिलीच्या मुलांचा हात धरून अक्षर गिरवून घेत असतात, तेव्हा तिसरीच्या मुलांनी करायचं काय? बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं, पाठ बघून लिहा. त्याऐवजी दोन मुलांना मोबाइल देऊन व्हरांड्यात बसवा. एकाने पुस्तकातला एक परिच्छेद वाचायचा, दुसऱ्याने मुद्रित करायचा. मग दोघांनी मिळून ऐकायचं.

तिसरीतली एक मुलगी अशी वाचत असताना मी पाहिली आहे. पहिल्यांदा वाचलं ते एकेक शब्द सुटा करून, आणि पूर्णविराम आला तरी न थांबता. आवाज ऐकला मात्र, तिने कपाळावर आठ्या घातल्या आणि जोडीदाराच्या हातातून मोबाइल घेतला. "परत." दुसऱ्या खेपेला ती पूर्णविरामाला थांबली. तिसऱ्या खेपेला तर वाक्यातल्या गाईवाल्याचा आवाज तिने गाईवाल्यासारखा काढला. यातलं काहीच तिला कुणी सांगितलं नव्हतं. चूक दाखवणारा तिचाच कान होता, त्यामुळे लाजायची वेळच आली नाही. एरवी तोच परिच्छेद तीनदा वाच म्हटलं असतं तर मूल कंटाळलं असतं.

घरी कोकणी बोलणारी, कन्नड बोलणारी, हिंदी बोलणारी अशी सगळी मुलं आपल्या मराठी शाळेत शेजारी शेजारी बसतात. कामासाठी गोव्यात आलेल्या कुटुंबांतली काही मुलं सुरुवातीचे कित्येक आठवडे वर्गात तोंडच उघडत नाहीत. अशा मुलाला सगळ्यांसमोर उभं करण्यापेक्षा त्याच्या हातात मोबाइल द्यावा आणि सांगावं, तुझ्या घरी सकाळी काय काय होतं ते याला सांग. आधी घरच्या भाषेत सांगू दे, काही बिघडत नाही. मग तेच मराठीत, जमेल तेवढं. चाळीस डोळ्यांपुढे न निघालेला आवाज तिथे निघतो.

या मुद्रणांचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. जूनमधलं वाचन आणि डिसेंबरमधलं वाचन जपून ठेवायचं आणि पालकसभेला आलेल्या आईला दोन्ही ऐकवायची. प्रगतिपत्रकातली श्रेणी पाहून ज्या आईला काही कळत नाही, जिला स्वतःला वाचता येत नाही, तिलाही सहा महिन्यांत लेकरू कुठून कुठे आलं, ते कानांनी कळतं.

केंद्र सरकारने 2021 साली निपुण भारत हे अभियान सुरू केलं. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला अर्थ समजून वाचता यावं आणि साधी आकडेमोड यावी, हे त्याचं उद्दिष्ट, आणि मुदत 2026-27 ची. या कामाला उपयोगी पडणारी काही चांगली साधनं फुकट मिळतात. गुगलचं रीड अलाँग हे ॲप मुलाचं वाचन ऐकतं आणि अडलेला शब्द म्हणून दाखवतं. त्यात मराठी गोष्टी आहेत, आणि एकदा उतरवून घेतल्या की नेटशिवाय चालतात. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने 2015 मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत आणि कोकणीतही चित्रगोष्टी आहेत. त्या वाचता येतात, छापता येतात, मुलांकडून पुन्हा नव्याने लिहून घेता येतात. मी शिक्षकांना एक सुचवीन. प्रोजेक्टरवर आधी गोष्टीची फक्त चित्रं दाखवा, मजकूर झाका. वर्गाला आपली गोष्ट रचू द्या, ती फळ्यावर लिहून घ्या, आणि मग मूळ गोष्ट उघडा. आपल्या गोष्टीत आणि पुस्तकातल्या गोष्टीत काय वेगळं आहे, हे बघण्यासाठी मुलं जसं वाचतात, तसं वाचन नुसतं वाचा म्हणून होत नाही. सरकारचं दीक्षा हे शिक्षणाचं पोर्टल आणि पाठ्यपुस्तकांतले क्यूआर कोड शिक्षकांना माहीतच आहेत, त्यावर अधिक बोलत नाही.

आता गणिताकडे आणि परिसर अभ्यासाकडे येऊ. गोव्यात शिकवणाऱ्याला निसर्गाने एक साधन बहाल केलं आहे, ते म्हणजे पाऊस. वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास, आणि वाळपईकडे त्याहून कितीतरी जास्त. शाळा जूनमध्ये सुरू होतात आणि पाऊसही तेव्हाच. बाजूंनी सरळ असलेली प्लॅस्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग कापून तो उलटा, नरसाळ्यासारखा बसवा. तळ सपाट नसतो, म्हणून खाली खडे घाला आणि खडे बुडेपर्यंत पाणी ओता. त्या पाण्याच्या पातळीवर शून्याची खूण, आणि तिथून वर पट्टीने मिलिमीटर. झालं पर्जन्यमापक. झाडापासून, छपरापासून दूर, उघड्यावर ठेवायचा. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांच्या पावसाची नोंद घेतं. मुलांनीही त्याच वेळेला घ्यायची, आणि पाणी शून्याच्या खुणेपर्यंत रिकामं करायचं.

इतकं झालं की मग संगणक उघडायचा. तक्त्यात तारीख आणि आकडा मुलांनीच भरायचा. आकडा लिहून बटण दाबलं की पडद्यावर एक स्तंभ उभा राहतो. रोज एक. मुसळधार पाऊस पडून गेल्याच्या सकाळी आजचा स्तंभ कुठवर जाईल, यावर वर्गात पैजा लागतात. स्तंभालेख हा धडा पुस्तकात येईपर्यंत मुलांनी तो महिनाभर वापरलेला असतो. त्यानंतर हवामान खात्याने आपल्या जवळच्या केंद्राचा जाहीर केलेला आकडा शेजारच्या रकान्यात लिहायचा. दोन्ही जुळत नाहीत. का नाही जुळत? इथे खरा अभ्यास सुरू होतो. कुणी म्हणतं आमची बाटली वाकडी होती, कुणी म्हणतं तिकडे जास्त पडला असेल, कुणाच्या लक्षात येतं की काल रविवार होता आणि बाटली दोन दिवस तशीच राहिली.

चौथीच्या मुलांना मी आणखी एक कोडं घालते. रुंद डबा आणि अरुंद बाटली शेजारी शेजारी ठेवली, दोन्ही सरळ बाजूंची, तर पाणी कशात उंच चढेल? जवळजवळ सगळी मुलं बाटलीकडे बोट दाखवतात. दुसऱ्या सकाळी पट्टी लावली तर दोन्हींत उंची जवळपास सारखी. डब्याचं तोंड मोठं, म्हणून त्यात पाणी जास्त पडलं, पण ते पसरायला जागाही तितकीच जास्त. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, हे इथून पुढे त्यांना सांगावं लागत नाही, ती मुलंच शाळेचं छप्पर मोजायला निघतात. चाळीस चौरस मीटरचं छप्पर आणि शंभर मिलिमीटर पाऊस, म्हणजे एका दिवसात चार हजार लिटर पाणी पागोळ्यांतून वाहून गेलं. मार्चमध्ये शाळेची विहीर आटते, तेव्हा हा आकडा मुलांना आठवतो.

या सगळ्यात संगणकाचं काम किती? पाच मिनिटांचं. पण ती पाच मिनिटं काढून टाकली तर महिनाभराच्या ओल्या वहीतल्या आकड्यांना आकार येत नाही. साधन इतपतच असावं, कामाच्या मधोमध, गरजेपुरतं. युनेस्कोने 2023 च्या आपल्या जागतिक शिक्षण अहवालात बजावलं आहे की, तंत्रज्ञानाने शिक्षक आणि मूल यांच्यातला प्रत्यक्ष संवाद हिरावून घेता कामा नये. प्राथमिक शाळेला हे दुप्पट लागू आहे. सात वर्षांच्या मुलाला शाबासकी पडद्यावरच्या चांदण्यांनी मिळू नये, ती बाईंनी पाठीवर हात ठेवून द्यावी.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या आठवड्यात करायचा एक उपक्रम सांगते. गणपतीच्या डोक्यावर आपण माटोळी, म्हणजे फळं-पानं बांधलेली लाकडी चौकट, बांधतो. नारळ, सुपारी, तवशी, आंबाडे, तोरिंग, आणि रानातून शोधून आणलेली माट्टी, कांगले. यातली रानातली फळं आता पुष्कळ मुलांना ओळखता येत नाहीत. प्रत्येक मुलाने घरच्या किंवा शेजारच्या आजीआजोबांना एकेका वस्तूबद्दल विचारायचं. ही कुठे मिळते, कधी मिळते, माटोळीला सोडून आणखी कशाला वापरतात? एक मिनिटाचं मुद्रण आणि एक फोटो. वर्गात आधी फक्त आवाज ऐकवायचा, नाव येतं तिथे थांबवायचं, आणि बाकीच्यांनी ओळखायचं. मग नाव फळ्यावर, मग वहीत, खाली दोन ओळी माहिती. एरवी निबंध म्हटला की मुलांची पेन्सिल हलत नाही, इथे आजीने सांगितलेलं सगळं मावत नाही अशी तक्रार येते. आणि घरातल्या ज्या म्हाताऱ्या माणसाला मोबाइल म्हणजे नातवाला आपल्यापासून तोडणारी वस्तू वाटत होती, त्याच्याजवळ तोच नातू मोबाइल घेऊन प्रश्न विचारायला बसतो.

रेंजचा प्रश्न गोव्यात खोटा नाही. 2020 मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा सत्तरी-सांग्यातली मुलं रेंजसाठी डोंगरावर चढून बसायची, पावसात छत्री धरून धडे ऐकायची. म्हणून माझा आग्रह आहे की वर्गातलं कुठलंच काम ऐनवेळच्या नेटवर टांगून ठेवू नये. लागणाऱ्या गोष्टी, चित्रं आदल्या दिवशी वाळपईला, फोंड्याला, जिथे रेंज असेल तिथे उतरवून पेनड्राइव्हवर घ्याव्यात. नेट नाही म्हणून तास बुडाला, असं मुलांना दिसू नये.

पालकांनो, तुम्हालाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. शाळेने मोबाइलवर काही करायला सांगितलं तर काम कोणतं, हे मुलालाच विचारा. काम एक मिनिटाचं मुद्रण असेल तर मुद्रण झालं की मोबाइल परत घ्या. शाळेचं काम आहे म्हणून तासभर मोबाइल, हे चालू देऊ नका. दुसरं, जेवताना मोबाइल लावून देऊन घास भरवायची सवय लागली असेल, तर ती शाळेत बसण्याच्या, ऐकण्याच्या आड येते. तिथे बाईसुद्धा फार काही करू शकत नाहीत.

आणि शिक्षकबंधू-भगिनींनो, मुलांचे आवाज आणि फोटो ही त्यांची खासगी चीज आहे. 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे, आणि त्यांची माहिती वापरायची तर पालकांची संमती मागितली आहे. मुलाचं नाव, गाव, गणवेशातला फोटो असं सगळं एकत्र व्हॉट्सॲपच्या मोठ्या गटावर टाकायची घाई नको. अडखळत वाचणाऱ्या मुलाचं मुद्रण त्याचे आईवडील आणि शिक्षक यांच्यापलीकडे कुणालाही ऐकवू नये.

बहुतेकदा हे सगळं बाईंच्या स्वतःच्या मोबाइलमध्ये साठतं. महिन्याच्या शेवटी ते शाळेच्या पेनड्राइव्हवर काढावं, प्रत्येक मुद्रणाला मुलाचं नाव आणि तारीख द्यावी, आणि आपल्या मोबाइलमधून पुसून टाकावं. पेनड्राइव्ह शाळेच्या कपाटात, कुलुपात. बदली झाली की हजेरीपट आणि साठा नोंदवहीबरोबर तोही नव्या शिक्षकाच्या ताब्यात द्यावा, म्हणजे दुसरीतलं मूल कुठे अडत होतं, हे तिसरीच्या बाईंना पहिल्याच आठवड्यात ऐकता येईल.

नमस्कार.