लोखंडाची माकडटोपी

श्रोतेहो, नमस्कार.

स्टॉकहोमच्या इतिहास संग्रहालयात काचेमागे एक कवटी ठेवली आहे. कवटीवर लोखंडी कड्यांची टोपी आहे. डोकं, कान, हनुवटी, मान, सगळं झाकणारी. थंडीत आपले आजोबा जी माकडटोपी घालायचे, अगदी तीच, फक्त लोकरीच्या जागी लोखंड. शतकानुशतकं मातीत राहून कड्या एकमेकींना गंजून चिकटल्यात. आत दात दिसतात. ज्याची ही कवटी त्याला टोपीसकट पुरलं. मी तिच्यासमोर किती वेळ उभा होतो ते आठवत नाही, पण रखवालदार दोनदा येऊन गेला.

मी मूळचा साताऱ्याचा, शिंप्याचा मुलगा. नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षं स्वीडनमध्ये आहे आणि तिथे एका वेडात सापडलोय. त्याला रिएनॅक्टमेंट म्हणतात. जुनी लढाई, जुनी छावणी, जुना बाजार पुन्हा उभा करायचा. तेच कपडे, तीच हत्यारं, तसंच चुलीवरचं जेवण. तलवारी अर्थात बोथट, धार गोल घासलेली, आणि तोंडावर भोसकायला सक्त मनाई. लोक विचारतात, म्हणजे नाटकच ना? असेल. पण ह्या नाटकात प्रेक्षक गेल्यावरही पुराव्यावरून भांडणं चालू राहतात.

गटात गेलो तेव्हा मी मोठ्या ऐटीत एक चामड्याचं जाकीट घेऊन गेलो होतो. काळं, जाड, छातीभर पितळी खिळे. सिनेमातला योद्धा घालतो ना, तसं. ऑनलाइन मागवलं होतं, वर ‘अस्सल मध्ययुगीन’ असं लिहिलेलं. गटातल्या एक बाई, साठीच्या, हातमागावर विणणाऱ्या, त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, आत पाहिलं आणि विचारलं, ‘‘पट्ट्या कुठायत?’’

कसल्या पट्ट्या?

मग त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, आणि तिच्यासाठी आपल्याला १३६१ सालात जावं लागेल.

बाल्टिक समुद्रात गॉटलंड नावाचं बेट आहे. त्यावर विस्बी हे शहर, व्यापारी, श्रीमंत, भोवती साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा दगडी तट. तो तट आजही उभा आहे, जागतिक वारशाच्या यादीत आहे. डेन्मार्कचा राजा चौथा वाल्देमार सैन्य घेऊन बेटावर उतरला. २७ जुलै १३६१, मंगळवार. बेटावरचे शेतकरी विस्बीच्या वेशीबाहेर त्याच्यासमोर उभे राहिले. समोर युद्ध हाच ज्यांचा धंदा असे लोक, इकडे कुळवाडी, त्यांच्यात म्हातारे आणि मिसरूड न फुटलेली पोरंही. शहराचे दरवाजे उघडले नाहीत. तटाच्या आतल्यांनी आत राहून पाहिलं, आणि दोन दिवसांनी शहर राजाच्या स्वाधीन केलं. शेतकरी किती मेले? परंपरेने आकडा १८०० च्या घरात सांगतात. तिथे एक दगडी क्रूस आहे, त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की विस्बीच्या वेशीसमोर, डेन लोकांच्या हातून गॉटलंडचे लोक पडले, ते इथे पुरले आहेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. दरवाजा बंद ठेवणाऱ्यांबद्दल दगड काही बोलत नाही.

आता गंमत अशी की लढाईनंतर चिलखत सहसा जमिनीत जात नाही. ते महाग असतं. जिंकणारा मेलेल्याच्या अंगावरून ते उतरवून घेतो, दुरुस्त करतो, वापरतो, विकतो. म्हणून युरोपभर एवढ्या लढाया होऊनही शिपायाच्या अंगावर जसं होतं तसं चिलखत मिळणं दुर्मीळ. विस्बीत मात्र जुलैचा उकाडा होता आणि प्रेतं शेकड्यांनी. अंगावरचं काढत बसायला वेळ मिळाला नाही, असं अभ्यासक मानतात. मोठे खड्डे खणले आणि माणसं होती तशी आत लोटली.

१९०५ पासून ते खड्डे उकरायला सुरुवात झाली. पुढे १९२८ ते १९३० मध्ये बेंगट थोर्डेमन ह्या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली मोठं उत्खनन झालं. हजाराहून जास्त माणसांचे सांगाडे निघाले. सुरुवातीला सांगितलेली टोपीवाली कवटी तिथलीच. त्यात लोखंडी पट्ट्यांचे ढीग. कापड आणि चामडं कधीच कुजून गेलेलं, उरल्या फक्त गंजलेल्या पट्ट्या आणि त्यांचे रिव्हेट, म्हणजे टोक ठोकून बसवलेले खिळे. थोर्डेमनच्या मंडळींनी कुठली पट्टी कुठल्या बरगडीपाशी होती, रिव्हेटचं डोकं कुठल्या अंगाला होतं, ह्यावरून अंगरखे पुन्हा जुळवले. पंचविसेक निघाले. काहींत मोजक्या मोठ्या पट्ट्या, काहींत शेकडो बारक्या.

आणि त्या पट्ट्या आतून होत्या. म्हणजे बाहेरून जाड कापडाचा किंवा चामड्याचा अंगरखा, त्याच्या आतल्या बाजूने लोखंडी पट्ट्या रिव्हेट मारून बसवलेल्या. बाहेरून बघणाऱ्याला दिसतात फक्त खिळ्यांची डोकी, ओळीने.

आलं लक्षात? चित्रकाराने काढले खिळे, कारण त्याला खिळेच दिसत होते. मूर्तिकाराने थडग्यावर कोरले खिळे. पाचसहाशे वर्षांनी कुणीतरी ते चित्र बघितलं आणि म्हणालं, अच्छा, हे लोक चामड्यावर शोभेचे खिळे मारून लढायला जायचे. तिथून ते सिनेमात गेलं, सिनेमातून दुकानात, आणि दुकानातून माझ्या अंगावर. जे वाचवणारं होतं ते आत, आणि मी विकत घेतलेल्या जाकिटात आत काय होतं? नायलॉनचं अस्तर.

तेव्हापासून आमच्या गटाचा एक शब्द माझ्या कानात बसलाय. ‘पुरावा?’ कमरपट्ट्याचं बक्कल आणलंस, छान आहे, पुरावा? म्हणजे कुठल्या गावात सापडलं, कुठल्या शतकातलं, आणि महत्त्वाचं म्हणजे कुणाचं. राजाच्या कबरीतलं बक्कल शेतकऱ्याच्या कमरेला लावलं तर ती वस्तू अस्सल असेल, माणूस खोटा झाला. विस्बीच्या शेतकऱ्यांच्या अंगावरची चिलखतं त्या वेळच्या युरोपातल्या सरदारांच्या मानाने जुन्या घडणीची आहेत. बापाची, कदाचित आजोबाचीही. त्यामुळे १३६१ चा गॉटलंडचा माणूस उभा करायचा तर १३६१ ची नवी फॅशन त्याला शोभत नाही. आपल्याकडे लग्नात मामा कधीचा शिवलेला कोट घालून येतो, तसं आहे ते.

हाडंही बोलतात तिथली. कित्येकांच्या नडग्यांवर घाव आहेत. छातीला पट्ट्या, डोक्याला कड्या, हातात ढाल. पाय उघडे. समोरच्या धंदेवाईक सैनिकाला ते लगेच कळलं असणार. आम्ही सराव करताना ढालीखालून पायावर वार आला की माझा पाय अजूनही आपोआप मागे जातो, आणि मग त्या बिचाऱ्यांची आठवण येते.

कड्यांच्या चिलखताबद्दल दोन शब्द सांगतो, कारण त्यात आपला भारत आहे. एका कडीत चार कड्या अडकवायच्या, अशी ती वीण. एका सदऱ्याला वीस-तीस हजार कड्या सहज लागतात. खऱ्या चिलखतात कडीची दोन टोकं चपटी करून, भोक पाडून, बारीक रिव्हेटने बंद केलेली असतात. स्वस्तातल्या नकलेत टोकं नुसती एकमेकांना टेकवलेली. मी आधी स्वस्तातलं घेतलं. पहिल्याच शनिवारी खांद्यावर भाल्याचा टोला बसला आणि गवतात कड्या अशा सांडल्या की लहान पोरं वेचायला धावली. नंतर रिव्हेटचं घेतलं. खोक्यावर वाचलं तर ‘मेड इन इंडिया’. युरोपातल्या ह्या हौशी लोकांच्या अंगावरचं बरंच लोखंड आपल्या उत्तर भारतातून, देहरादून-मेरठकडून येतं. एक सातारकर स्वीडनमध्ये बसून डेन राजाशी लढायला भारतातून चिलखत मागवतो. असो.

वजन दहा-बारा किलो. सगळं खांद्यावर येतं, म्हणून कमरेला पट्टा करकचून आवळायचा आणि वर थोडं ओढून घ्यायचं, की निम्मा भार कमरेवर उतरतो. हे काही मला कुणी शिकवावं लागलं नाही. नऊवारीचा केळ कसा खोचतात ते लहानपणापासून पाहिलं होतं, हात आपोआप तिथे गेला. आणि त्याच्या आत गोधडी. खरंच गोधडी. लिननच्या कापडाचे थर, मध्ये भरण, उभे धावदोरे. कड्या धार अडवतात, पण टोला आत पोचतोच, हाड मोडतो. तो पचवते गोधडी. ज्या गरिबाला लोखंड परवडत नसे तो नुसती गोधडी घालून लढे. पंधराव्या शतकात फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या काळच्या एका हुकुमात तर कापडाचे २५ ते ३० थर आणि वर हरणाचं कातडं, असं मापच दिलंय. जुलैच्या उन्हात ते घालून तासभर उभं राहा. उन्हाळा नावापुरताच असलेल्या देशात मला साताऱ्याचा मे आठवतो.

आपल्याकडे मिरवणुकीत मावळे निघतात, चमकणाऱ्या सॅटिनमध्ये, थर्माकोलच्या ढाली घेऊन. मला त्यांची चेष्टा करायची नाही, पोरं मनापासून करतात. पण अफजलखानाच्या भेटीला महाराज गेले तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होतं ही गोष्ट प्रत्येक मराठी मुलाला पाठ असते. लोखंड आत, कापड बाहेर. म्हणजे विस्बीच्या पट्ट्यांचं कोडं आपल्याला ऐकताक्षणी सुटायला हवं होतं. माझ्या डोक्यात मात्र सिनेमा होता.

आता कपड्यांकडे येतो. इथे माझं घराणं कामाला आलं.

विस्बीत कापड उरलं नाही. ते उरलं दुसरीकडे. स्वीडनच्याच पश्चिम भागात, बॉक्स्टेन नावाच्या दलदलीत १९३६ साली एक माणूस सापडला, चौदाव्या शतकातला, अंगात खुंट ठोकलेला. कुणी मारलं, का मारलं, ह्यावर अजून वाद आहेत. पण अंगरखा, झूल, लांब शेपटाचं टोपरं, पायातले लोकरी मोजे, सगळं शाबूत. आणि ग्रीनलंडमध्ये हेर्योल्फ्सनेस इथल्या दफनभूमीत १९२१ साली पाउल न्योर्लुंड ह्या डॅनिश अभ्यासकाला गोठलेल्या जमिनीत लोकरी कपडेच्या कपडे सापडले, ते आता कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. तिथे शवपेट्या पुरेशा नव्हत्या, म्हणून माणसांना कपड्यांतच गुंडाळून पुरलं होतं. चौदाव्या शतकातला साध्या माणसाचा झगा कसा शिवत, हे आपल्याला त्या गरिबीमुळे कळतं.

त्या झग्याच्या बेताचं रेखाचित्र मला काही केल्या उलगडेना. पुढे-मागे सरळ पट्टे, बाजूला लांबच लांब त्रिकोण. मी फोटो काढून आबांना पाठवला. आबा म्हणजे माझे वडील, वय ७४, दुकान आता बंद. दहा मिनिटांत फोन.

‘‘अरे, ह्या कळ्या आहेत.’’

‘‘कळ्या?’’

‘‘कळीदार झगा आहे हा. वर अंगासरशी, खाली घेर. कापड वाया जाऊ नये म्हणून असं बेततात. कोण शिंपी आहे?’’

‘‘मेलाय आबा. सहाशे वर्षं झाली.’’

‘‘हात चांगला होता.’’

मोज्यांचंही त्यांनीच सांगितलं. मध्ययुगातले मोजे म्हणजे विणलेले नव्हेत, कापडाचे शिवलेले, दोन पाय वेगवेगळे, कमरेला नाडीने बांधायचे. मी सरळ धाग्यात बेतले आणि गुडघा वाकेना. आबा म्हणाले, ‘‘उरेब काप. तिरपं कापड ताणतं.’’ आणि जुने मोजे खरोखरच उरेब कापलेले आहेत.

रंगाचंही एक सांगून टाकतो. पडद्यावर मध्ययुगातला गरीब म्हटला की गोणपाटाच्या रंगाचा. प्रत्यक्षात गावठी झाडपाल्यानेही लोक छान रंग काढत. मंजिष्ठा आपल्याकडे आहे, तिच्या युरोपातल्या बहिणीच्या मुळांपासून लाल, वोड नावाच्या झुडपाच्या पानांतून निळा, वेल्ड नावाच्या रोपापासून पिवळा. त्या विणकर बाईंच्या अंगणात तिन्ही लावलेले आहेत. त्यांच्या बोटांची नखं कायम निळसर.

शेवटी झगा आबांनीच शिवला. मी इथून लोकरी कापड, लिननचा दोरा आणि मेण पाठवलं. मशीनची टीप चालणार नाही, सगळं हाताने, असं दहा वेळा बजावलं. काजंसुद्धा हाताची, बटणं त्याच कापडाची गुंडाळून केलेली. दोन महिन्यांनी टपालाने आला. बाईंनी तो उलटा केला, त्यांची सवयच ती, आणि शिवणीवरून बोट फिरवत गेल्या. धावदोरा, उलटा टाका, हेम. डाव्या अंगाला येऊन बोट थांबलं. आतून एक छोटा, नेटका खिसा.

अंगरख्याला असा आत शिवलेला खिसा त्या काळात दाखवता येत नाही. ग्रीनलंडच्या काही झग्यांना बाजूला फट आहे, आत हात घालून कमरेची थैली काढता यावी म्हणून. तेवढंच. मी आबांना फोन केला.

‘‘खिसा कशाला केलात?’’

‘‘मग पास कुठे ठेवशील?’’

बाई माझ्याकडे बघत होत्या, काय म्हणाले म्हणून. मी भाषांतर केलं. त्यांनी झगा सरळ केला, घडी घातली आणि माझ्या हातात दिला. पुढच्या छावणीआधी तो खिसा उसवायचा आहे. कात्री दोनदा हातात घेतली होती.

नमस्कार.